विजयांच्या आकड्यांवरून जॉकी मोजता येतो का?

ज्याचे विजय जास्त तो जॉकी थोर, हा रेसकोर्सवरचा सर्वांत पक्का समज. तसं मानलं तर अमेरिकेचा रसेल बेझ (१२,८४२ विजय) इंग्लंडच्या फ्रेड आर्चरपेक्षा (२,७४८) साडेचार पटींनी मोठा. पण आर्चर १८८६ मध्ये, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी गेला. तो रेल्वेनं फिरायचा आणि हिवाळ्यात तिथल्या सपाट (अडथळ्यांविना) शर्यती बंद असत. बेझच्या उत्तर कॅलिफोर्नियात शर्यती वर्षभर चालत. स्वाऱ्यांच्या प्रमाणात पाहा: आर्चर तीनांत एक जिंकला, बेझ जेमतेम चारांत एक. अर्थात, यावरूनही आर्चर श्रेष्ठ ठरत नाही. उत्तम घोडे ज्याच्याकडे येतात, त्याचं प्रमाण वाढतंच.

दुसरा समज घड्याळाचा: वेळ सुधारली, म्हणजे जॉकी सुधारले. १९००च्या सुमारास इंग्लंडमधल्या वेळा झपाट्यानं सुधारल्या, त्यामागे बैठक होती. टॉड स्लोनसारख्या अमेरिकी जॉकींनी रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवं बसणं तिथं रुजवलं. त्यामुळे प्रत्येक झेपेला स्वाराचं अंग मागेपुढे ओढण्याचा घोड्याचा त्रास कमी झाला. आर्चर ताठ बसायचा, कारण त्याच्या काळी सगळेच तसे बसत.

‘खरा जॉकी कुठेही जिंकतो’ हे तर मला अजिबात पटत नाही. अमेरिकी जॉकी स्टीव्ह कॉथेननं १९७८ मध्ये, अठराव्या वर्षी, ‘अफर्म्ड’ या घोड्यावर अमेरिकेचा तिहेरी मुकुट (केंटकी डर्बी धरून तीन मोठ्या शर्यती) जिंकला. पुढच्याच हिवाळ्यात कॅलिफोर्नियात तो सलग ११० शर्यती हरला. हात तेच, डोकं तेच! १९७९ मध्ये तो इंग्लंडला गेला. अमेरिकेतले ट्रॅक सपाट, मातीचे, लंबवर्तुळाकार. सुटल्या क्षणापासून वेग. इंग्लंडमधल्या एप्समला गवत, आधी चढ, मग टॅटनहॅम कॉर्नरकडे उतरतं वळण आणि शेवटच्या सरळ पट्ट्यातही कुंपणाकडे कललेली जमीन. तिथं घोड्याचा तोल सांभाळत दम राखावा लागतो. कॉथेन ते नव्यानं शिकला, तीनदा ब्रिटनचा चॅम्पियन जॉकी झाला आणि १९८५ व १९८७ मध्ये एप्समची डर्बी जिंकला. केंटकी आणि एप्सम, दोन्ही डर्बी जिंकणारा तो एकटाच.

डर्बींची बेरीजही जपून करावी. इंग्लंडचा जॉकी लेस्टर पिगट याच्या नऊ डर्बी एकट्या एप्समच्या; भारतात मुंबई, बंगळुरू, कोलकाता, हैदराबाद अशा प्रत्येक केंद्राची डर्बी वेगळी. आणि २६ वेळा ब्रिटनचा चॅम्पियन जॉकी ठरलेल्या गॉर्डन रिचर्ड्सच्या नावावर एप्समची डर्बी एकच, १९५३ची, ‘पिंझा’वरची.