अंगावर काढलेली दुखणी

दुखणे अंगावर काढणे हा आपल्या समाजात स्त्रीचा गुण मानला जातो. मूल झाले नाही तर दोष तिचा. परंतु वंध्यत्वाला कारण होणारा रोग मात्र तिने कोणाजवळ बोलून दाखवू नये, असा हा विलक्षण न्याय आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक संबंधातून होणारा रोग आढळला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. विशेष म्हणजे ४५ टक्के स्त्रियांची कसलीच तक्रार नव्हती.

या शेवटच्या आकड्याचा विचार व्हावयास हवा. लज्जेमुळे स्त्री बोलत नाही हे खरेच. पण पुष्कळदा रोगही बोलत नाही. परमा किंवा क्लॅमिडियाचा संसर्ग स्त्रीच्या शरीरात विनालक्षण राहू शकतो आणि गर्भनलिकांना इजा करून कायमचे वंध्यत्व आणू शकतो. लक्षणे पाहून औषध देण्याची रूढ पद्धत प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी उपयोगी असली, तरी अशा मूक रोगापुढे ती निरुपाय ठरते. उलट, अंगावरून पांढरे जाणे हे प्रत्येक वेळी गुप्तरोगाचेच लक्षण नसते. केवळ तेवढ्यावरून शिक्का बसला, तर त्या स्त्रीला घरात तोंड दाखविणे कठीण होते. म्हणून चाचणी हवी.

ही चाचणी करण्याची संधी आपणहून चालत येते. गरोदरपणात, तांबी बसविण्यासाठी, शस्त्रक्रियेसाठी स्त्री आरोग्य केंद्राची पायरी चढतेच. उपदंशाची रक्तचाचणी गरोदरपणी लवकर झाली आणि अहवाल वेळेत हाती आला, तर पेनिसिलिनच्या साध्या इंजेक्शनाने अर्भकाचा जीव वाचू शकतो. संसर्ग असताना तांबी बसविली, तर ओटीपोटात दाह होण्याचा धोका वाढतो. तेव्हा विचारणा व तपासणी हा या सेवांचाच भाग असला पाहिजे.

खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. पण वंध्यत्व आणि मृत अर्भके यांचा खर्च कोणत्या खात्यात मांडावयाचा? ‘सभ्य घरांत हे कशाला?’ असेही विचारले जाईल. अनेक विवाहितांना हा संसर्ग पतीकडूनच होतो, हे त्याचे उत्तर आहे. म्हणूनच पतीवर उपचार झाल्याखेरीज पत्नीवरील उपचार व्यर्थ होत.

मात्र तपासणी म्हणजे जबरदस्ती नव्हे. स्त्रीची संमती, आडोशाची खोली, परिचारिकेचा विश्वासाचा शब्द आणि गुप्ततेची हमी यांवाचून कोणतीही स्त्री पुन्हा त्या दाराशी येणार नाही. तिने तक्रार करावी म्हणून वाट पाहत बसणारी सेवा तिच्या मौनाचाच आधार घेते. ते मौन निरोगीपणाचा दाखला नव्हे, एवढे तरी आरोग्य खात्याने ओळखावयास हवे.