एका फोनात दोन सिम

मॉरिशसहून क्रॉयडनला मुलांकडे राहायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना बटणांचा, दोन सिमचा साधा फोन सोयीचा पडतो. एका खाचेत बेटावरचे सिम ठेवावे. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. दुसरीत तिथले सिम घालून नातवंडांशी बोलावे. मात्र अशा साध्या फोनात एका सिमवर बोलणे चालू असता दुसरे सहसा लागत नाही. परदेशात आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी दर विचारून घ्यावा.

स्वस्त मिळतो म्हणून जुना २जी फोन मात्र घेऊ नये. ब्रिटनमध्ये २०२३ पासून ३जी सेवा बंद होत गेली आणि २०३३ पर्यंत २जीही जाणार आहे. म्हणून ४जीवर बोलता येते ना, हे दुकानातच पाहावे. ऐनवेळी घरच्यांचा आवाज कानी पडणे महत्त्वाचे!