उडीनंतरचें पहिलें पाऊल

साताऱ्यास १७०८ सालीं शाहूमहाराजांचा राज्याभिषेक झाला. १७९५ सालीं खर्ड्याच्या लढाईंत मराठी फौजेचें सेनापतित्व करणारे परशुरामभाऊ पटवर्धन हे सांगलीजवळच्या तासगांवचे. या मुलखांतील घराण्यांना पागा हा शब्द परका नाहीं. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा शिलेदार काय किंवा सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर काय, दोघांचाही जीव जनावराच्या पावलावर अवलंबून असे. त्या फौजा गेल्या. परंतु आज हौसेनें घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलामुलींच्या बाबतींत ती गोष्ट तितकीच खरी आहे. अडथळ्यावरून उडी घेणारें मूल पाहतांना वडील मंडळींची नजर उडीच्या उंचीवर असते. खरी परीक्षा मात्र जमिनीवर उतरल्यानंतरच्या पहिल्या पावलांत असते.

घोड्याच्या मध्यम दौडीस कॅन्टर म्हणतात. तींत तीन ठोके पडतात. उजव्या अंगाची दौड असेल, तर प्रथम मागचा डावा पाय, मग मागचा उजवा व पुढचा डावा हे दोन्ही एकदम, आणि शेवटीं पुढचा उजवा पाय टेकतो. उजवीकडे वळतांना उजवी व डावीकडे वळतांना डावी दौड असली, म्हणजे तोल सांभाळला जातो. उलट अंगाच्या दौडींत असलेला घोडा भर वेगांत वळविला, तर पायांत पाय अडकून तो स्वारासकट कोसळण्याचें भय असतें.

उडी म्हणजे या दौडीचेंच एक मोठें पाऊल होय. उतरतांना सारा भार क्षणभर पुढच्या एकाच पायावर येतो आणि दुसरा पाय त्याच्या पुढें पडतो. तो कोणता, हें घोडा हवेंत असतांनाच ठरतें. म्हणून खालीं आल्यावर लगाम ओढणें व्यर्थ होय.

माणसाला जसा एक हात सोयीचा, तसें घोड्यालाही एक अंग सोयीचें असतें. यासाठीं आधीं सपाट जागेंत त्याला दोन्ही अंगांनीं सारखें दौडावयास शिकवावें. मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाट आंखून, ती जेथें स्वतःला छेदते तेथें एक वासा आडवा ठेवावा. त्यावरून जातांना स्वारानें नव्या वळणाकडे पाहावें, आंतली वाग किंचित् उघडावी, बाहेरचा पाय तंगाच्या मागें टेकवावा आणि आंतल्या रिकिबींत थोडासा भार द्यावा. अंग झोंकून देऊं नये. हें साधल्यावर वासा हळूहळू दीड फुटापर्यंत उचलावा. इटलीचा लष्करी अधिकारी फेदेरीको काप्रिल्ली (१८६८–१९०७) याच्यापूर्वीं स्वार उडींत मागें रेलत. घोड्याच्या गतीबरोबर पुढें झुकून त्याच्या तोंडाला व पाठीला मोकळीक द्यावी, हें त्यानें शिकविलें. ही मोकळीक नसेल, तर वरील खुणा घोड्याला पोंचतच नाहींत.

घोडा चुकीच्या पायावर उतरला, तर चाबूक उगारूं नये. त्याला दुडकीवर आणावें, सांवरूं द्यावें आणि योग्य अंगानें पुन्हा दौड धरावी. चार उड्या चांगल्या झाल्या कीं थांबावें. नेहमीं एकाच पायावर उतरणारा घोडा हट्टीच असतो असें नाहीं. खूर दुखत असेल, पाठ धरली असेल किंवा खोगीर कांचत असेल. तेव्हां आधीं पशुवैद्यास दाखवावें.

मुलाच्या उस्तादाची पारख करावयाची असेल, तर तो किती उंच उडी घेववितो हें पाहूं नये. घोडा चुकल्यावर तो काय करतो, हें पाहावें.