फीवर चालत नाही, मग कशावर?

ना-नफा वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे तोट्यातलं महाविद्यालय नव्हे. शिल्लक तिथेही पडते. फक्त ती कुणा मालकाच्या खिशात जात नाही, संस्थेतच घालावी लागते. पण मुळात पैसा येतो कुठून? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचा हिशेब पाहू.

हॉपकिन्स नावाचा व्यापारी १८७३ साली वारला. विद्यापीठ आणि रुग्णालयासाठी त्याने ७० लाख डॉलर ठेवले होते. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नावर खर्च भागवायचा, अशी ही रीत. मात्र विद्यापीठाच्या वाट्याला आले ते प्रामुख्याने बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे शेअर, आणि ते विकू नका असा दात्याचाच सल्ला! १८८०च्या दशकाअखेर कंपनीने लाभांश थांबवला. १८८९ला रुग्णालय उघडलं; महाविद्यालयासाठी पैसेच उरले नाहीत.

तेव्हा विश्वस्तांच्या लेकींनी निधी जमवायला घेतला. महाविद्यालय उघडायला लागणाऱ्या पाच लाख डॉलरना जे कमी पडत होते ते ३,०६,९७७ डॉलर त्यांच्यातल्याच मेरी गॅरेटने दिले, पण अटी घालून: मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश, आणि प्रवेशाआधी पदवी हवीच. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियात, स्त्रियांच्या वेगळ्या महाविद्यालयातून. हॉपकिन्सच्या १८९३च्या पहिल्याच तुकडीत मात्र मुलांबरोबर तीन मुली होत्या. विश्वस्तांना हे आपणहून सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

१९१३मध्ये रॉकफेलरांच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षण मंडळाने १५ लाख डॉलर दिले. त्यांची अट वेगळी: काही विभागांचे प्राध्यापक पूर्णवेळ पगारी असावेत, रुग्णांची फी संस्थेकडे जमा व्हावी. विल्यम ऑस्लरसारख्या नामांकित डॉक्टरने विरोध केला. आज मात्र अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांचं निम्म्याहून अधिक उत्पन्न रुग्णसेवेतून येतं. विद्यार्थ्यांच्या फीचा वाटा पाच टक्केही नाही. आपल्याकडच्या खासगी महाविद्यालयांची फी भरणाऱ्या पालकांना हे खरं वाटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी संशोधन अनुदान वाढलं. त्यात प्रकल्पाच्या खर्चाबरोबर वीज, इमारत, कारकुनी यांसाठीही रक्कम मिळते, आणि संशोधनाचा डोलारा हळूहळू तिच्यावर टेकतो.

२०२४मध्ये उद्योगपती मायकल ब्लूमबर्ग यांनी हॉपकिन्सला एक अब्ज डॉलर दिले. वर्षाला तीन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची शिकवणी फी माफ झाली. पुढच्याच वर्षी, मार्च २०२५मध्ये, अमेरिकी सरकारने हॉपकिन्सला मिळणारे परदेशी मदतीचे ८० कोटी डॉलर थांबवले आणि विद्यापीठाने दोन हजारांहून अधिक नोकऱ्या कमी केल्या.