जुन्या वायुवाहिनीत बदल करताना

तंजावूर म्हटले म्हणजे मराठी वाचकास भोसल्यांची राजधानी, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख आठवतात. त्याच जिल्ह्यात भाताच्या खाचरांखालून तेल व वायू वाहून नेणारे पोलादी नळ गेलेले आहेत, ही गोष्ट मात्र तितकी परिचित नाही. ३० जून २०१७ रोजी कदिरामंगलम या गावी अशाच एका नळातून कच्चे तेल गळून शेतात पसरले व त्यावरून मोठे आंदोलन झाले. जमिनीखालचा जुना नळ अद्याप भरवशाचा आहे की नाही, हे कोणत्या नियमाने ठरवावयाचे, हा प्रश्न तेव्हापासून त्या मुलुखात जिवंत आहे.

नैसर्गिक वायूच्या मुख्य वाहिन्यांस पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे २००९ चे तांत्रिक व सुरक्षा विनियम लागू होतात; तेलक्षेत्रातील विहिरींचे काम खाणसुरक्षेच्या कक्षेत येते. नळ एकदा पुरला म्हणजे काम संपले, असे या नियमांना मान्य नाही. नळ तोच राहिला तरी त्याची परिस्थिती पालटते. वायुवाहिनीलगतचा सुमारे ४०० मीटर रुंद व १.६ किलोमीटर लांब पट्टा घेऊन त्यातील घरे मोजतात. ती दहा किंवा कमी असतील तर पोलादावर त्याच्या किमान ताणक्षमतेच्या ७२ टक्क्यांपर्यंत ताण येऊ देतात. सेहेचाळीस वा अधिक असतील, तर नव्या बांधणीत ही मर्यादा ५० टक्के असते. ओसाड माळावर घातलेल्या वाहिनीभोवती पुढे वस्ती वाढली, तर फेरतपासणी करून दाब उतरवावा लागतो किंवा तेवढ्या भागात जाड भिंतीचा नळ बसवावा लागतो.

आत काय वाहते, हेही तितकेच महत्त्वाचे, किंबहुना अधिक फसवे. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम् येथे गेल कंपनीची वाहिनी फुटून आग लागली व वीसहून अधिक माणसे दगावली. ती वाहिनी कोरड्या वायूसाठी होती. तिच्यातून ओलसर वायू जात होता. पाण्याचा अंश सखल भागी साचतो, वायूतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून आम्ल बनते आणि पोलाद आतून झिजते. वरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. म्हणून वाहिनीतील पदार्थ बदलणे हा कागदावर क्षुल्लक दिसणारा फरकही मोठा फेरफारच मानला पाहिजे.

प्रत्यक्ष बदलात नव्या तुकड्याचे सांधे क्ष-किरणांनी वा ध्वनिलहरींनी तपासतात आणि नळात पाणी भरून, नेहमीच्या दाबाहून अधिक दाबाखाली तो धरून ठेवतात. पाणीच का? वायू दाबाखाली पुष्कळ आकुंचन पावतो, त्यामुळे नळ फुटल्यास साठलेली शक्ती स्फोटासारखी बाहेर पडते. पाणी जवळजवळ आकुंचन पावत नाही, म्हणून नळ फुटला तरी दाब तत्काळ ओसरतो.

जमिनीचा हक्क १९६२ च्या कायद्याने ठरतो. मालकी शेतकऱ्याचीच राहते व त्यास पीकही घेता येते. परंतु पट्ट्यात घर, विहीर, तळे किंवा झाड यांस मनाई आहे. नारळ हे ज्या प्रदेशाचे धन, तेथे ही अट जड वाटणारच. बदलासाठी नव्या जमिनीतून मार्ग न्यावयाचा झाल्यास पुन्हा अधिसूचना काढावी लागते, आणि तीनंतर २१ दिवसांच्या आत संबंधितांस लेखी हरकत घेता येते.