आधी भोक, मग गोलाई

एरंडोलहून कासोदा, भडगाव, चाळीसगाव करत पाटण्याला गेलं की लोक पाटणादेवीच्या पायऱ्या चढतात. मी मात्र नाल्याच्या कापलेल्या काठापाशी रेंगाळतो. हा भाग आता गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात आहे. शके ११२८ मध्ये भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ निघाला. तसं सांगणारा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पण नाल्याचा काठ त्याहून फार मागे जातो.

१९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले आणि आडव्यातिडव्या रेघा कोरलेला एक तुकडाही. वय सुमारे २५ हजार वर्षं. खानदेशात शहामृग! म्हणजे तेव्हा इथे दाट रान नव्हतं. कोरडी, उघडी गवताळ माळरानं असणार, आणि अशा मुलखात माणूस सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याचं पाणी धरून राहिला.

हे मणी केले कसे असतील, ते हाताला कळावं म्हणून घरी करवंटी घेतली. शहामृगाचं कवच साधारण दोन मिलिमीटर जाड असतं, म्हणून करवंटी तेवढी पातळ घासून घेतली. आतल्या खोलगट बाजूने गारेचं टोक टेकवून फिरवायचं. बाहेरून टेकवलं तर टोक घसरतं. बारीक भुकटी पडते, करकर आवाज येतो, मनगट भरून येतं. शेजारच्या आजी डोकावल्या, “काय करी राह्यना रे भाऊ?” उत्तर द्यायलाही हात थांबवावासा वाटेना. अर्धं भोक झालं की तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूने भिडायचं.

तुकडा तडकतो तो बहुधा इथेच. म्हणूनच कालाहारी वाळवंटातले सान लोक ओबडधोबड तुकड्याला आधी भोक पाडतात आणि गोलाई मागाहून देतात. मोडलाच तर घासण्याची मेहनत वाया जात नाही. शेवटी मणी ओवून सगळी माळच दगडावर घासतात, म्हणजे सारे एका मापाचे होतात. हे पाहिल्यावर ‘आदिमानव’ हा शब्द मला तरी उद्धट वाटतो.

पाटण्याला जाल तेव्हा नाल्यातल्या गारा जरूर न्याहाळा, पण खिशात घालू नका; त्यात एखादं जुनं हत्यार असू शकतं. जागेवरून हललेल्या हत्याराचं वय नेमकं सांगणं फार अवघड असतं.