अंगणातील हौद आणि निर्मळ पाणी

मुंबईच्या उपनगरांत बैठ्या घरांची संख्या आता बरीच घटली आहे. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील जुन्या घरांची अंगणे, गृहनिर्माण संस्थांच्या बागा व शाळांची आवारे यांतून कमळे आणि रंगीत मासे असलेला लहानसा हौद अजूनही दृष्टीस पडतो. आरंभी तो सर्वांच्या कौतुकाचा विषय असतो. पहिल्याच उन्हाळ्यात मात्र पाणी हिरवे पडते, तळाशी गाळ साचतो आणि हौद उपसून, घासून, पुन्हा नळाच्या पाण्याने भरण्याचा क्रम सुरू होतो. काही महिन्यांत उत्साह ओसरतो. मासे मरतात, पाणी तेवढे उरते. खरा धोका येथूनच सुरू होतो.

मासे नसलेले साचलेले पाणी म्हणजे डासांचे माहेरघर. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांविषयी जो अहवाल सादर केला, त्यात शहरातील विहिरी व हिवताप पसरविणारे डास यांचा संबंध स्पष्ट करण्यात आला होता. हिवतापाचा प्रसार करणारा अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी हा डास आजही विहिरी, टाक्या व हौद यांतील स्वच्छ पाण्यातच वाढतो. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाचीही आवड तीच आहे. अंड्यापासून पूर्ण वाढ झालेला डास तयार होण्यास आपल्या हवामानात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आपल्या आवारात डासांची उत्पत्ती होऊ न देण्याची जबाबदारी मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 अन्वये जागेच्या मालकावर व भोगवटादारावर टाकण्यात आली आहे. हौद निरोगी राखणे ही केवळ हौसेची बाब नाही, ती शेजाऱ्यांच्या आरोग्याचीही बाब आहे.

पाणी हिरवे का पडते?

मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. न खाल्लेले अन्न व गळून पडलेली पाने कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो माशांना विषारी असतो. वाळू, दगड व हौदाच्या भिंती यांवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट हे वनस्पतींचे खत होय. ते शोषून घेण्यास पाणवनस्पती नसतील, तर त्यावर सूक्ष्म शेवाळ पोसते आणि पाणी हिरवे होते. असे पाणी दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच वापरून टाकते. हिरव्या हौदातील मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, त्याचे कारण हेच.

हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल तर पवई तलावाकडे पाहावे. पिण्याच्या पाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा तलाव आज पिण्यासाठी उपयोगी राहिलेला नाही. सांडपाण्यातून येणाऱ्या पोषक द्रव्यांवर तेथे जलपर्णी माजते. ती कितीही काढली तरी पोषक द्रव्ये येत राहतात, तोवर पुन्हा वाढते. पाण्यात जेवढे येते त्याहून कमी बाहेर जात असेल, तर पाणी बिघडणारच, मग तो तलाव असो वा हौद.

घासण्याने हानी

हौद पूर्ण रिकामा करून घासला, की शेवाळाबरोबर उपकारक जीवाणूही नाहीसे होतात. नळाच्या ताज्या पाण्यातील क्लोरीन मासे व जीवाणू या दोहोंस अपायकारक असते. त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या नव्या पाण्यातच मासे दगावतात. मोरचुदाने शेवाळ मरते खरे. परंतु मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू संपतो आणि मोरचूद स्वतः माशांना घातक आहे.

त्याऐवजी दर आठवड्यास सुमारे दहावा हिस्सा पाणी बदलावे. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद व 60 सेंटिमीटर खोल हौदात 1,800 लिटर पाणी मावते. त्यातून 180 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या बारा बादल्या पाणी तळातील गाळासह नळीने काढून झाडांना घालावे. ते उत्तम खत ठरते. भरावयाचे पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवून मगच सोडावे.

मासे मोजके, अन्न बेताचे

हौद बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अतिरेकी अन्न. पाच मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे; उरलेले काढून टाकावे. गर्दी टाळावी. गोल्डफिश लहान दिसतो, परंतु वीतभर वाढू शकतो. वरील आकाराच्या हौदात असे सहा मासे पुरे. नव्या हौदात जीवाणूंची वाढ होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून मासे एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडावेत.

सुमारे अर्धा पृष्ठभाग कमळाच्या पानांनी झाकलेला असावा. पानांच्या सावलीमुळे पाणी तापत नाही व शेवाळाला ऊन मिळत नाही. जलपर्णी मात्र हौदातही लावू नये. लहान पंपाने पाणी खेळते ठेवल्यास प्राणवायू मिसळत राहतो.

पावसाळा व डास

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. असा दिवस विरळा असला, तरी उपनगरांतील नेहमीचा पाऊसही हौद भरून वाहण्यास पुरेसा असतो. म्हणून काठाखाली जाळी लावलेला निकास ठेवावा आणि अंगणातील मातकट पाणी आत येणार नाही इतका काठ उंच असावा.

डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे थोडे तरी सोडावेत. एडिस डास पाण्याच्या रेषेवरील ओलसर भिंतीवर अंडी घालतो व ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून तेवढी पट्टी आठवड्यातून एकदा ब्रशने घासावी. नको झालेले गप्पी वा अन्य विदेशी मासे तलावात, विहिरीत किंवा नाल्यात सोडू नयेत. तेथील स्थानिक माशांना ते अपाय करतात.

शाळेच्या आवारात वा गृहनिर्माण संस्थेच्या बागेत हौद बांधण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : सुट्टीत त्याकडे कोण पाहणार? त्या व्यक्तीचे नाव आधी ठरावे, मग हौद बांधावा. ज्या हौदाला पाहणारे माणूस नाही, तो कोरडा करून माती भरून टाकणे हेच हिताचे.